शून्य किलोचे पैलवान

“आणि ह्यातलं तुझं किती?”

मुजावर सरांनी हे विचारलं तेव्हा अभिनंदन मगदूम त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी ठोकून बसला होता. पुढ्यात उघडा लॅपटॉप. सर खुर्चीवर, मांडीवर शेंगांची पाटी.

“सगळं माझंच की, सर!”

सरांनी शेंग फोडली. दाणे पाटीत टाकले, टरफल खाली.

“सगळं?”

“म्हणजे... फ्रेमवर्क सोडून.”

“हं...”

ह्या एका ‘हं’ला तंत्रनिकेतनातली पोरं पंचवीस वर्षं टरकत आली होती. सर निवृत्त होऊन कुरुंदवाडला घरी बसले, पण ‘हं’ काही निवृत्त झालं नव्हतं.

अभिनंदनला मात्र आज कशाचीच भीती वाटत नव्हती. अंगात वारं भरलं होतं त्याच्या. तो सकाळी दहालाच पेढ्यांचा पुडा घेऊन सरांच्या पाया पडायला आला होता, कारण दुपारी बारा वाजता त्याची वेबसाइट सुरू होणार होती.

वेबसाइट कसली, तर मळेवाडीच्या जत्रेतल्या कुस्त्यांची.

आजवर ह्या मैदानाची नावं वहीत लिहून घेत. मग ऐन मैदानात पन्नास किलोच्या पोरापुढं सत्तर किलोचा गडी उभा राहायचा, जोड चुकली म्हणून आरडाओरडा व्हायचा आणि आखाड्यापेक्षा मोठी कुस्ती पंचांच्या मांडवात लागायची. यंदा अभिनंदनने पंचांना सांगितलं होतं, पैलवान फोनवरूनच नाव, गाव, वजन भरतील आणि वजनाला वजन बघून जोडी आपोआप लागेल.

मुख्य पंच होते वस्ताद ज्ञानू घोरपडे. त्यांना हे काही पटलं नव्हतं. पण ते म्हणाले होते, “एकदा बघू. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर पुन्हा वही, आन् तुझं तोंड मैदानात दिसता कामा न्हाई.”

मग चाळीस गावांत रिक्षा फिरली. भोंग्यावरून पुकारा झाला. शुक्रवारी दुपारी बारा.

आज शुक्रवार होता.

“तीन आठवड्यांत केलं, सर!” अभिनंदनला धीर निघत नव्हता. “सगळं मुळापासून लिहायचं म्हटलं तर सहा महिने गेले असते. नाव लिहून घ्यायचं, तपासायचं, साठवायचं, यादी दाखवायची, सगळं फ्रेमवर्कमध्ये तयार मिळतं. लग्नाचा स्वयंपाक आपण करायचा, पण चुली, भांडी, पाणी, सरपण सगळं आधीच कुणीतरी मांडून ठेवलंय, तसं!”

“कुणी मांडलं?”

“जगभरातल्या लोकांनी. हजार-बाराशे जण असतील. ओपन सोर्स आहे ना. कुणीही घ्या, उघडून वाचा, बदला. फुकट!”

“का बरं ठेवलं असं?”

अभिनंदनने खांदे उडवले. “असतात एकेक माणसं, सर.”

सरांनी दुसरी शेंग घेतली.

“पण गंमत ऐका ना!” तो पुढं सरकला. “एवढ्या हजार जणांनी लिहिलं, तरी त्यात एक खोट निघाली. मी काढली! मराठी आकड्यांत वजन भरलं की त्याला ते कळतच नाही. ते शून्य धरतं. सत्तावन्न किलोचा पैलवान, शून्य किलो! सगळेच शून्य म्हणजे सगळेच सारखे. कुणाचीही जोड कुणाशीही लागणार. आणि आपल्याकडं तर निम्म्या लोकांच्या फोनवर मराठी आकडे.”

“मग?”

“मग मी त्याच्या पोटात शिरलो. तीन दिवस लागले. अकरा ओळी लिहिल्या. आता कुणी कसलेही आकडे घालू दे, बरोब्बर वाचतं!”

सरांचा हात थांबला. डोळ्यांत क्षणभर चमक आली.

“वा! कळवलंस त्यांना?”

“कुणाला?”

“ज्यांचं आहे त्यांना.”

अभिनंदन गालातल्या गालात हसला.

“वस्ताद एक डाव राखून ठेवतोच की, सर. तो शेजारच्या गावचा ऐनापुरे आहे ना, त्यानंही हेच फ्रेमवर्क घेतलंय. पुढच्या महिन्यात त्यांची जत्रा. राहू देत की त्याचे पैलवान शून्य किलोचे!”

तो एकटाच हसला.

सरांनी पाटीत हात घातला. एक शेंग कुजकी निघाली, ती त्यांनी बाजूला काढली.

“पुसणी करायची?” त्यांनी विचारलं.

पुसणी हा मुजावर सरांचा जुना रिवाज. विद्यार्थी काम दाखवायला आला की ते कौतुकाने सगळं बघत, मान डोलवत आणि मग त्याच्या देखत एखादा भाग पुसून टाकत. म्हणत, आता उभं कर. ज्याचं उभं राहील त्याला गुण. पहिल्या वर्षाची पोरं रडायची. दुसऱ्या वर्षाची पोरं आपल्या कामाच्या तीन-तीन नकला ठेवायला शिकलेली असायची.

अभिनंदन तर ह्याचीच वाट बघत होता. पेढे हे निमित्त होतं.

“करा की, सर! माझ्या लिहिलेल्याच्या तीन ठिकाणी नकला आहेत.”

“तुझं लिहिलेलं नको. फ्रेमवर्क पुसतो.”

“ते तर आणखी सोपं! एक आज्ञा दिली की नेटवरून जसंच्या तसं परत उतरतं. बिनधास्त पुसा!”

“बघ हं...”

“पुसा हो, सर!”

सरांनी हात लुंगीला पुसले. वाकले. अभिनंदनने दाखवला तो फोल्डर निवडला आणि एक बटण दाबलं.

गेलं. हजार-बाराशे माणसांचं काम एका बोटात गेलं.

अभिनंदनने आज्ञा दिली. पडद्यावरून ओळी सरसर धावायला लागल्या. तो गुडघ्यावर ताल धरून बघत होता. दोन मिनिटंही लागली नाहीत.

“आलं! बघा! सगळं परत!”

“छान. चालतंय का ते दाखव. माझंच नाव घाल.”

“मुजावर... गाव कुरुंदवाड... वजन किती, सर?”

“बासष्ट.”

त्याने झोकात मराठी आकड्यांत ६२ टाकले आणि यादी उघडली.

मुजावर. कुरुंदवाड. वजन शून्य किलो.

सर चष्मा सावरून वाकून बघू लागले.

“एवढा वाळलो मी?”

अभिनंदनला हसू आलं नाही. त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा टाकताना बोट अडखळलं आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्याच्या अकरा ओळी फ्रेमवर्कच्या पोटात होत्या. आपल्या लिखाणाच्या त्याने तीन नकला ठेवल्या होत्या, पण फ्रेमवर्कची नक्कल कोण ठेवतं? ते तर केव्हाही मिळतं. ते मिळालंही. जगाकडं जसं होतं तसं मिळालं.

“सर... माझ्या ओळी...”

“परत काय आलं?” सरांनी विचारलं.

“फ्रेमवर्क.”

“ते कुणाचं?”

“सगळ्यांचं.”

“आणि गेलं काय?”

 

...

बाहेर कुणीतरी पंप सुरू केला. सरांनी पुढची शेंग फोडली.

“तिकडं काय आहे?” त्यांनी सहज विचारलं.

“कुठं?”

“चाळीस गावं तुझ्या ह्या लॅपटॉपवर थोडीच येणार?”

लोकांसाठी वेबसाइट लांबच्या सर्व्हरवर होती. काल संध्याकाळी त्याने ती तिथं चढवली होती. चढवताना त्या सर्व्हरने फ्रेमवर्क आपलं आपण नेटवरून उतरवून घेतलं होतं... नवंकोरं. आणि काल तपासताना ह्या शहाण्याने वजनं इंग्रजी आकड्यांत घातली होती.

त्याने खिशातून फोन काढला. स्वतःचंच नाव घातलं. वजन ७१.

शून्य किलो.

म्हणजे सरांनी पुसलं नसतं तरी बारा वाजता हेच होणार होतं. चाळीस गावांचे पैलवान, एकजात शून्य किलोचे. लॅपटॉपवरचा राखून ठेवलेला डाव मैदानात कधी उतरणारच नव्हता.

घड्याळात दहा अडतीस झाले होते. आणि नेमका फोन वाजला.

“काय रं इंजिनेर,” वस्ताद ज्ञानूंचा आवाज खोलीभर घुमला, “बारा वाजता चालू हुतंय न्हवं?”

“हो... हो, वस्ताद.”

“पोरं आत्तापास्नं फोन हातात धरून बसल्यात. आन् मी सगळ्यास्नी सांगितलंय, मगदुमाचं पोरगं हुशार हाय म्हून. माझा शबुद खाली पडू दिऊ नगंस.”

फोन बंद झाला. वस्तादांनी शिवी दिली असती तर परवडली असती. ह्या कौतुकाने अभिनंदनला दरदरून घाम फुटला.

“सर, काहीतरी सांगा ना!”

“शेंगा खा.”

“सर!”

“रिकाम्या पोटी आलायस. खा.”

त्याने चार दाणे तोंडात टाकले आणि लॅपटॉप ओढला.

पहिली ओळ आठवली. दुसरी चुकली, खोडली, जमली. मग एकेक ओळ हातात यायला लागली. जे शोधायला तीन दिवस गेले होते ते आता बोटांना ठाऊक होतं. त्याचा घाम वाळला. मान खाली, बोटं चालू. पाचवी, सहावी, सातवी. मधेच सर आत जाऊन चहा ठेवून आले, त्याचाही त्याला पत्ता नव्हता. पंचवीस मिनिटांत अकरा ओळी पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्याला चक्क मजा वाटायला लागली होती.

“झालं!” तो ओरडला. मग थबकला. “पण ठेवू कुठं? पुन्हा त्याच्या पोटात...”

सर चहा ओतत होते.

फ्रेमवर्कवाल्यांनी ह्याचीही सोय करून ठेवली होती. आमच्या पोटात हात घालू नका, तुमची भर इथं घाला, अशी बाहेर एक वेगळी जागा. तीन आठवड्यांत अभिनंदनने तिकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. आता त्याने ती उघडली, ओळी तिथं ठेवल्या आणि ते सर्व्हरवरही चढवलं. फोनवरून वजन घातलं.

एकाहत्तर किलो!

“एकाहत्तर! सर, एकाहत्तर!” एखाद्याला मुलगा झाल्याचं सांगावं तसा तो सांगत होता.

सरांनी त्याच्या हातात कप दिला.

“किती वाजले?”

“अकरा वीस.”

“म्हणजे वेळ आहे अजून...”

तेवढंच म्हणाले आणि बशीत चहा ओतून फुंकर घालत बसले.

कशाला वेळ आहे, ते अभिनंदनला नेमकं कळलं. कळलं म्हणूनच जिवावर आलं. तीन दिवसांची मेहनत, आज पुन्हा केलेली, ती अशी जगाच्या चव्हाट्यावर ठेवायची? म्हणजे ऐनापुरेला आयती मिळणार. तो पुढच्या महिन्यात मिशीला पीळ देत मैदान चालवणार. ह्या विचाराने त्याचा हात आखडला.

त्याने पडद्याकडं पाहिलं. यादीत अजून ते नाव होतं. मुजावर, कुरुंदवाड, शून्य किलो.

सगळ्यांना दिलेलं दोन मिनिटांत परत आलं होतं. राखून ठेवलेलं तेवढंच गेलं होतं.

“च्यायला...” तो पुटपुटला.

“चहात साखर कमी झाली?”

“नाही, सर.”

फ्रेमवर्क सांभाळणाऱ्यांची एक उघडी जागा होती, तिथं कुणीही दुरुस्ती पाठवू शके. अभिनंदनने मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. आमच्याकडं आकडे असे लिहितात, तुमच्याकडं ते शून्य होतात, ही अकरा ओळींची दुरुस्ती, घ्यावी ही विनंती. खाली आपलं नाव आणि मळेवाडी.

त्याने बोट बटणावर ठेवलं.

दाबलं.

आणि मग, त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण खूप मोकळं वाटलं.

बारा वाजायला पाच मिनिटं कमी असताना दोघंही पडद्याला डोळे लावून बसले. सरांनी पाटी मांडीवरच ठेवली होती, पण शेंगा फोडणं बंद होतं.

बारा.

काही नाही.

“सर...”

“दम धर.”

पहिलं नाव आलं! शिरढोणचा कुणी खोत, सत्तावन्न किलो. त्याच्या पाठोपाठ दानोळी, एकसष्ट. मग तीन एकदम. मग आठ. मग यादी अशी सुटली की वाचता वाचता नजर मागं पडायला लागली. चव्वेचाळीस किलो, अठ्ठ्याऐंशी किलो, साडेबावन्न किलो! एका गावातून पाच बहिणींची नावं ओळीनं आली, पाचही पैलवान. अभिनंदन गुडघ्यांवर उभा राहून मोठमोठ्याने वाचत होता आणि सर प्रत्येक वजनाला “शाब्बास!” म्हणत होते, जणू कुस्ती समोर चालली आहे.

“बघा, सर, जोड लागली! सत्तावन्नला सत्तावन्न! ही दुसरी! एकसष्टला साठ!”

वस्तादांचा फोन आला.

“अरं, माझं बी नाव घातलंय मी! गंमत म्हून! एकशे चार किलो! आलं का बघ!”

आलं होतं. घोरपडे ज्ञानू, मळेवाडी, एकशे चार किलो.

“आलंय, वस्ताद!”

“आता माझ्या जोडीला कोण हाय ते सांग!” आणि फोनमधून गडगडाटी हसू आलं. मागं दहा-वीस पोरांचा कालवा ऐकू येत होता. “वही दिली बघ फेकून! जत्रंत फेटा बांधतो तुला!”

अभिनंदनने फोन ठेवला आणि भरल्या डोळ्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी डोळे टिपायला चष्मा काढला, पण म्हणाले, शेंगांची धूळ गेली.

पाऊण वाजता लॅपटॉपवर उत्तर येऊन पडलं. मळेवाडीतून नव्हतं. कुठल्याशा लांबच्या देशात तेव्हा नुकती सकाळ झाली होती आणि फ्रेमवर्क सांभाळणारी माणसं कामाला बसली होती.

मजकूर इंग्रजीत होता. मतलब असा: तुमच्या अकरा ओळी आम्ही सगळ्यांनी वाचल्या. इतक्या वर्षांत ही खोट आमच्या लक्षातच आली नव्हती, आभारी आहोत. दहा ओळी समजल्या. आठवी ओळ मात्र आमच्यापैकी कुणालाच कळली नाही. ती कशासाठी आहे, ते समजावून सांगाल का? समजून घेतल्याशिवाय आम्ही घेत नाही.

अभिनंदन ताडकन उठून उभा राहिला.

“सर! हे मला विचारतायत! मला!”

“कोण?”

“ज्यांनी हे सगळं लिहिलं ते!”

“मग सांग की.”

आठवी ओळ... त्याला हसू फुटलं. त्यांना कुठून कळणार? त्यांनी वस्ताद ज्ञानूंचा फोन कुठं बघितलाय! वस्ताद अर्धा आकडा मराठीत घालत आणि अंगठा सरकून पुढचा इंग्रजीत पडला की तसाच ठेवत. एक आणि शून्य मराठी, चार इंग्रजी. असं एकाच आकड्यात दोन्ही मिसळलेलं वाचणारी ती ओळ होती. ती सुचायला मळेवाडीत जन्म घ्यावा लागतो.

त्याने लिहायला हात पुढं केला. आणि मागं घेतला.

“मी काय सांगणार, सर...”

“का?”

“एवढी मोठी माणसं. जगभरातली. माझं इंग्रजी हे असं. काहीतरी चुकलं तर हसतील.” त्याने लॅपटॉप उचलला आणि सरांच्या मांडीकडं सरकवला. “तुम्ही लिहा ना. तुमच्या नावानं लिहा. मी सांगतो, तुम्ही नीट मांडा.”

सकाळी दहाला सगळं माझंच म्हणणाऱ्याला आता एक ओळही आपली म्हणवत नव्हती.



...

मग सरांनी पाटी खाली ठेवली. गुडघ्यांवर हात टेकून खुर्चीवरून उठले. अभिनंदनला दंडाला धरलं, खुर्चीपाशी आणलं आणि बसवलं. तो “अहो, सर, अहो...” करत राहिला. लॅपटॉप त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवला.

आणि स्वतः खाली सतरंजीवर, त्याच्या पायांशी, मांडी घालून बसले. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, मान वर केली.

“सांगा, सर,” मुजावर सर म्हणाले, “ती आठवी ओळ मलाही कळलेली नाही.”